एकतीस वर्षांची बटणं

लेक जिंकली. तीन न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, तिला वकिलीची सनद मिळाली, आणि जन्मनोंदीत कुणा कारकुनाने काय खरडलं होतं याच्याशी शपथेचा काडीचाही संबंध नाही, असं अठ्ठावीस पानांत लिहून आलं.

हे आपण वाचलंच नाही. आज मंगळवार आहे, सकाळचे साडेअकरा वाजलेत, कुणीही काहीही जिंकलेलं नाही, आणि न्यायालयाच्या तळमजल्यावर मास्टर कात्री शोधतायत. कात्री त्यांच्या हातात आहे.

मास्टर म्हणजे न्यायालयाचे अधिकृत शिंपी. जिन्याखालची खोली त्यांची. एका भिंतीपलीकडे जुन्या खटल्यांचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीपलीकडे पाण्याचा पंप. एकतीस वर्षं ते या खोलीत काळे गाऊन शिवत होते. माणसं त्यांना नावाने लक्षात राहत नसत, मापाने राहत. मुख्य न्यायमूर्ती म्हणजे ‘डावा खांदा अर्धा इंच खाली’. सरकारी वकील म्हणजे ‘घेर बेचाळीस’. दारावर पाटी होती: ‘एकतीस वर्षं. एकही गाऊन दुरुस्तीला परत आलेला नाही.’ दर वर्षी पहिल्या तारखेला मास्टर आकडा खरवडून नवा रंगवत. घेर बेचाळीस दर वर्षी गाऊन सैल करून न्यायचा, पण मास्टरांच्या मते ती दुरुस्ती नव्हती, ते वय होतं.

घरी या पाटीचं कुणाला कौतुक नव्हतं. मास्टरांची बायको म्हणायची, “अहो, मी घरात घालते तोही गाऊनच. मला बघून कधी कुणी उठून उभं राहिलंय का?”

लेकीचं मात्र मास्टरांना इतकं कौतुक होतं की ते लपवण्यासाठी ते तिच्यावर खेकसत. ती कायद्याच्या परीक्षेत सातवी आली तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे सहा जणांनी अभ्यास केला.” आणि खोलीचं दार लावून, पंप सुरू होईपर्यंत थांबून, त्या आवाजात पोटभर हसून घेतलं.

लेकीच्या जन्मनोंदीत ‘मुलगा’ असं लिहिलेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तिने आईबापांना समोर बसवून सांगितलं की ते तसं नाही, कधीच नव्हतं, मी मुलगी आहे. आईने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, “एवढंच? मला वाटलं सिगारेट ओढायला लागलास.” आणि मग रडली, पण ते दुसऱ्या दिवशी, एकटीने, कांदे नसताना. मास्टर उठले. त्यांनी मापांची वही आणली. तिच्यात पुढून पुरुषांची मापं असत आणि मागून बायकांची. त्यांनी पुढचं तिचं पान काट मारून बंद केलं, वही उलटी केली आणि म्हणाले, “सरळ उभी राहा.” मापं जशीच्या तशी भरली. अर्धा इंचही इकडेतिकडे नाही. “बघ,” मास्टर म्हणाले, “तीच तर आहेस.” तेव्हापासून ते तिला वकीलबाई म्हणू लागले. सनद तेव्हा सहा वर्षं लांब होती.

आता सनद हातभर अंतरावर आली होती आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. न्यायालयाच्या पोशाख नियमांत दोन अनुसूच्या होत्या: अनुसूची एक, पुरुष वकिलाचा गाऊन; अनुसूची दोन, स्त्री वकिलाचा गाऊन. ज्या गाऊनमध्ये शपथ घ्याल त्या रजिस्टरात नाव चढायचं. कलम एकोणीस सांगत होतं की दुसऱ्याच्या अनुसूचीतल्या गाऊनमध्ये घेतलेली शपथ ही शपथच नव्हे. आणि मागच्या वर्षी याच न्यायालयाच्या एका पीठाने निकाल दिला होता की अशा सगळ्या नियमांत लिंग म्हणजे जन्मनोंदीत असेल ते. त्यामुळे लेकीच्या अर्जावर प्रबंधकांच्या कचेरीने तांबड्या शाईत लिहून पाठवलं: ‘अनुसूची एकच्या पोशाखात उपस्थित राहावे.’

पुरुषांच्या गाऊनमध्ये, पुरुषांच्या रजिस्टरात, पुरुष म्हणून. नाहीतर सनद नाही.

“नाही घालणार,” लेक म्हणाली, आणि तिने याचिका लावली. स्वतःची बाजू स्वतःच मांडायची ठरवली, कारण सनद नसलेल्या माणसाला स्वतःची वकिली करायला बंदी नव्हती. ही एक फट कायद्यात राहून गेली होती.

मास्टरांनी आपल्या परीने तयारी केली. त्यांनी अनुसूची दोनचा गाऊन कापायला घेतला. लेक जिंको न जिंको, गाऊन तयार असला पाहिजे. आणि हा एक गाऊन तरी पुस्तकात बघून, शब्दन् शब्द नियमाप्रमाणे शिवायचा, असं त्यांनी ठरवलं. म्हणून त्या मंगळवारी, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी पोशाख नियम उघडून वाचले.

‘अनुसूची एक: बटणे परिधान करणाऱ्याच्या उजवीकडे. अनुसूची दोन: बटणे परिधान करणाऱ्याच्या डावीकडे.’

मास्टरांनी खुंटीकडे पाहिलं. खुंटीवर मुख्य न्यायमूर्तींचा नवा गाऊन तयार होता. त्यांनी तो उतरवला, स्वतःच्या अंगात घातला आणि आरशापुढे उभे राहिले. बटणं डावीकडे.

त्यांना वाटलं आरसा चुकतोय. आरशाकडे पाठ करून त्यांनी हाताने चाचपलं. डावीकडेच.

मग त्यांनी ड्रॉवरमधून तो खाकी कागद काढला. आधीच्या थोरल्या मास्टरांनी मरणाच्या आठवडाभर आधी तो त्यांच्या हातात दिला होता, म्हणाले होते, “हा सांभाळ, यात अख्खं न्यायालय आहे.” यापलीकडे काही सांगायच्या आत ते गेले. एकतीस वर्षं मास्टर हा कागद कापडावर ठेवून, कडेने खडू फिरवून, प्रत्येक गाऊन कापत आले होते. आकडे नीट दिसावेत म्हणून लिहिलेली बाजू वर. आपल्याला वाचता येतं याचा त्यांना तेव्हा फार अभिमान होता. आता त्यांनी कागद दिव्याखाली धरला आणि पालथा केला. मागच्या कोऱ्या बाजूच्या कडांना जुना खडू बसला होता, त्यांच्या खडूपेक्षा पिवळा, बोटभर रुंद. थोरले मास्टर कागद पालथा ठेवत होते. आकडे पुसू नयेत म्हणून.

कागद उलटला की उजवं डावं होतं. हे शिवणक्लासच्या पहिल्या दिवशी सांगतात. मास्टर शिवणक्लासला गेले नव्हते.

गाऊन एरवी उघडाच अंगावर असतो. शपथेच्या दिवशी तेवढं गळ्याजवळचं एक बटण लावतात, आणि ते लावण्याचा मान शिंप्याचा. त्यामुळे बघायचं कुणी? एकतीस वर्षं सगळे पुरुष न्यायमूर्ती, सगळे पुरुष वकील, दोन महाधिवक्ते आणि एक नंतर मंत्री झालेला गृहस्थ बायकांच्या गाऊनमध्ये शपथ घेऊन मोकळे झाले होते. बायकांचे गाऊन तेवढे चुकून बरोबर होते.

मास्टर खुर्चीत बसले. मग लक्षात आलं की अंगात मुख्य न्यायमूर्तींचा गाऊन आहे, तो चुरगळेल. म्हणून उभे राहिले आणि उभ्यानेच घाबरले.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती धुतलेले कपडे घड्या करत होती. ऐकून तिने एक उशीचा अभ्रा तीनदा घडी केला.

“म्हणजे सगळे?”

“सगळे.”

“तो मंत्रीसुद्धा?”

“तो तर दोनदा. पहिला गाऊन त्याने हरवला होता.”

ती अभ्र्यात तोंड खुपसून हसली. हसणं आवरल्यावर म्हणाली, “मग सांगा की लेकीला. तिची केस उभी राहील यावर.”

“आणि पाटी?”

“कसली पाटी?”

“दारावरची.” मास्टर म्हणाले. “एकतीस वर्षं मी त्या खोलीत ताठ मानेनं बसलो. लोक येता-जाता वाचतात ते. उद्या सगळं न्यायालय म्हणेल, या माणसाला डावं-उजवं कळत नाही.”

बायकोने घडी केलेले कपडे पुन्हा मोडले आणि पुन्हा घड्या करायला घेतले. तिचा राग असाच असायचा.

सांगण्याची वेळ तर आपणहून चालून आली. शुक्रवारी सरकारी वकिलाने साक्षीदारांची यादी दाखल केली. पुरुषाचा गाऊन वेगळा आणि स्त्रीचा वेगळा, हा भेद खरा आहे, ठोस आहे, हाताने शिवलेला आहे, हे सिद्ध करायला त्याने तज्ज्ञ साक्षीदार बोलावला होता. यादीत एकच नाव होतं. मास्टरांचं.

लेक घरी आली ती पायताण न काढताच म्हणाली, “बाबा, तुम्हाला त्यांनी माझ्याविरुद्ध बोलावलंय.”

“वाचलं.”

“जा. जे खरं ते सांगा. मी तुम्हाला एकही प्रश्न विचारणार नाही.”

“का? उलटतपासणी येत नाही?”

“येते. पण बापाला पिंजऱ्यात पिळून मिळालेली सनद मला नको. तुमची नोकरी, तुमचं नाव त्या इमारतीत आहे. माझ्यासाठी त्याला धक्का लावायचा नाही. कळलं?”

मास्टरांनी ओठांवर आलेली बटणं गिळली. मग म्हणाले, “वकीलबाई, आधी चपला काढा.” एवढं बोलून ते आत गेले आणि रिकाम्या खोलीत स्वतःला दोन शिव्या हासडल्या.

सोमवारी सभागृह खचाखच भरलं. लोकांना खटल्यापेक्षा बाप-लेक समोरासमोर बघायचे होते. पीठावर तिघं: मधोमध मुख्य न्यायमूर्ती, उजवीकडे एक पोक्त न्यायमूर्ती जे डोळे मिटून ऐकत, आणि डावीकडे न्यायमूर्तीबाई, ज्या डोळे उघडे ठेवून ऐकत आणि त्यामुळे वकील त्यांना टरकून असत.

“याचिकाकर्तीशी आपलं नातं?” मुख्य न्यायमूर्तींनी विचारलं.

“मी तिचा शिंपी,” मास्टर म्हणाले.

“आणखी काही?”

“बाप. पण मापं मी शिंपी म्हणून घेतली.”

घेर बेचाळीस उठला, घसा साफ केला. “मास्टर, पुरुषाच्या आणि स्त्रीच्या गाऊनमध्ये फरक असतो?”

“नियमात असतो.”

“काय फरक?”

“पुरुषाची बटणं उजवीकडे. बाईची डावीकडे.”

“म्हणजे फरक आहे! आणि कुणाला मनातून काही वाटलं म्हणून तो बदलत नाही. बरोबर?”

“वाटलं म्हणून नाही बदलत,” मास्टर म्हणाले. “चुकून बदलतो.”

पण घेर बेचाळीस तोवर “बरोबर” एवढंच ऐकण्याच्या बेताने वळला होता, आणि समाधानाने खुर्चीत बसलाही. खुर्ची करकरली.

“उलटतपासणी?” मुख्य न्यायमूर्ती म्हणाले.

लेक उठली. “प्रश्न नाहीत.”

“विचार की,” मास्टर म्हणाले.

“बाबा, उतरा खाली.”

“एक तरी विचार.”

“साक्षीदाराने वकिलाला प्रश्न सुचवू नयेत,” मुख्य न्यायमूर्ती म्हणाले.

मास्टरांनी पिंजऱ्याची कड धरली. समोर लेक उभी होती, तिच्या साध्या पांढऱ्या सदऱ्यात, खांदे सरळ, हनुवटी वर. हरत होती आणि तरीही बापाला झाकत होती. एवढं ताठ तर आपण पाटीखाली कधी बसलो नाही, असं मास्टरांच्या मनात आलं.

“मग मीच विचारतो मला,” ते म्हणाले. “मास्टर, गेल्या एकतीस वर्षांत तुम्ही पुरुषांचे किती गाऊन शिवलेत? तर एकही नाही. सगळे बायकांचे शिवलेत. मी कागद उलटा ठेवत होतो. साहेब, जरा खाली बघा.”

मुख्य न्यायमूर्तींनी खाली बघितलं. पोक्त न्यायमूर्तींनी डोळे उघडून खाली बघितलं. मग अख्ख्या सभागृहाने, काहीतरी सांडल्यासारखं, आपापल्या छातीकडे बघितलं. घेर बेचाळीसने हळूच फाइल पोटावर घेतली, पण फाइल पुरली नाही.

न्यायमूर्तीबाईंनी चष्मा पुसला. “म्हणजे कलम एकोणीसप्रमाणे, या पीठावर शपथ घेतलेली न्यायमूर्ती मी एकटीच?”

“हो बाईसाहेब. तुमचा अगदी नियमात बसतो.”

“आणि मी?” मुख्य न्यायमूर्ती म्हणाले.

“आपली शपथ अजून व्हायचीय, साहेब. कापड मात्र उत्तम आहे.”

“साक्षीदार फितूर झाला!” घेर बेचाळीस ओरडला.

“साक्षीदार तुम्हीच आणलात,” मुख्य न्यायमूर्ती म्हणाले. “आणि तुम्ही बसा. तुम्ही वकील आहात का, हे अजून ठरायचंय.”

हशा ओसरेपर्यंत लेक बापाकडे बघत होती. तिला समजलं होतं की आत्ता या माणसाने दारावरची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली. तिचे डोळे भरले, पण आवाज भरला नाही. ती वकिलासारखी उभी राहिली.

“मला आता प्रश्न आहेत,” ती म्हणाली. “साक्षीदाराने सांगावं, बटणं डावीकडे होती म्हणून या न्यायालयातला कुणी पुरुष बाई झाला?”

“नाही. एकाचा घेर वाढला, पण तो दोन्ही बाजूंनी वाढला.”

“चुकीच्या बटणांमुळे कुणाची शपथ खोटी झाली असं आपल्याला वाटतं?”

“मी बटण लावताना त्यांचे गळे माझ्या बोटांखाली होते. सगळ्यांचे थरथरत होते. खोटं बोलणारा माणूस इतका थरथरत नाही.”

“शेवटचा प्रश्न. गाऊनचं माप आपण कशावरून घेता? माणसावरून की जन्मनोंदीवरून?”

मास्टर लेकीकडे वळले. “जन्मनोंदीत वजन लिहिलेलं असतं. तुझ्या नोंदीत तीन किलो दोनशे ग्रॅम आहे. त्या मापाने शिवला तर तो गाऊन तुझ्या कोपरालाही यायचा नाही. कागद त्या दिवसाचा असतो, बाळा. माप आज जो समोर उभा आहे त्याचंच घ्यावं लागतं.”

“आणखी प्रश्न नाहीत,” लेक म्हणाली आणि बसली. या वेळी तिला खरोखरच नव्हते.

न्यायमूर्ती पंधरा मिनिटांसाठी आत गेले आणि पावणेतीन तासांनी बाहेर आले. पुढच्या आठवड्यात अठ्ठावीस पानं आली. न्यायालयाने म्हटलं की अनुसूची शिलाईचं वर्णन करते, माणसाचं नाही. मागच्या वर्षीचा निकाल त्या प्रकरणापुरता होता, सनदेला तो लागू नाही. याचिकाकर्तीने आपण कोण ते सांगितलं आहे, त्याप्रमाणे तिचं नाव स्त्रियांच्या रजिस्टरात चढवावं. आणि आजवर ज्यांनी ज्यांनी शपथ घेतली, त्या सगळ्यांची शपथ खरी. हे शेवटचं वाक्य निकालात तीन ठिकाणी आलं. शिंप्याबद्दल एकच ओळ होती: त्याला दंड करता येत नाही, कारण दंड करायचा तर चूक झाली होती हे मान्य करावं लागेल.

मास्टरांनी पाटी उतरवून घरी नेली, जाळायच्या विचाराने. सकाळी पाहतात तर बायकोने आणि वकीलबाईंनी ती नव्याने रंगवून ठेवलेली: ‘एकतीस वर्षं. एकच चूक, तीही सर्वांना सारखी.’ मास्टर भडकले. म्हणाले, माझी थट्टा करता. मग ती पाटी काखेत मारून न्यायालयात गेले आणि आधीपेक्षा वीतभर उंच ठोकली. त्या महिन्यात अर्धं न्यायालय ती वाचायला जिना उतरून आलं. गाऊन बदलून मागायला एकही जण आला नाही.

शपथेच्या दिवशी लेक अनुसूची दोनच्या गाऊनमध्ये उभी राहिली. मास्टर मान म्हणून पुढे गेले आणि गळ्याजवळचं बटण लावू लागले. एकतीस वर्षांत ज्या बोटांना कधी दोन सेकंदांहून जास्त लागले नव्हते, त्यांना काज सापडेना.

“बाबा, डावीकडे,” लेक पुटपुटली.

“माहितेय मला.”

“लोक बघतायत.”

“बघू देत. पैसे देऊनही असा गळा शिवून मिळत नाही त्यांना.”

बटण लागलं. लेकीने शपथ घेतली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, न्यायमूर्तीबाईंनी सगळ्यांत जास्त वेळ. बायकोने वळून विचारलं, “बघितलंत ना?” आणि मास्टर तडक तळमजल्याकडे चालू लागले. दुपारी प्रबंधकांच्या कचेरीत त्यांचा अर्ज दाखल झाला, योग्य त्या तिकिटासह, दोन प्रतींत:

‘प्रति, मा. प्रबंधक. विषय: आज सकाळी झालेला शपथविधी पुन्हा घेण्याबाबत. महोदय, अर्जदार या न्यायालयाचा शिंपी असून नवीन वकीलबाईंचा पिताही आहे. शपथविधीच्या वेळी अर्जदार तीन फुटांवर हजर होता, परंतु बटण लावल्यापासून टाळ्या वाजेपर्यंत डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्याला काळ्या रंगाव्यतिरिक्त काहीही दिसलेले नाही. पत्नीने काय दिसले ते सांगितले आहे, पण ऐकीव पुरावा ग्राह्य नसतो. तरी सदर शपथविधी त्याच सभागृहात, त्याच तीन न्यायमूर्तींपुढे, त्याच वकीलबाईंकडून, थोडा सावकाश, पुन्हा एकवार घेण्यात यावा. आणि अर्जदाराला याही वेळी काही न दिसल्यास, दिसेपर्यंत दर सोमवारी घेण्यात यावा, ही नम्र विनंती.’